ऊन पाठीवर घे

सुनेने पेटीचं झाकण उचललं.

चूक. आधी धूर. पुन्हा.

सुनेने धुराड्याचा भाता दाबला. पत्र्याच्या चोचीतून धुराऐवजी गार राखेचा उसासा बाहेर पडला.

"गोणपाट ठासून भरलंस ना?" सासूने विचारलं. "अगं, आगीला श्वास लागतो. धुराडं भर म्हटलं होतं, उशी नाही."

"सैलच भरलं होतं."

"मग विझलं कशाने? माझ्यावर रुसून?"

पुन्हा.

गोणपाट उपसलं, विस्कटलं, सैल भरलं, काडी लावली. धूर पांढरा आणि दाट. हाताच्या पाठीवर घेऊन बघितला, भाजत नव्हता. पेटीच्या दाराशी दोन फुंकरी. मग थांबायचं, आतल्यांना निरोप पोचू द्यायचा. मग झाकण.

इथपर्यंत बरोबर.

परसातल्या भिंतीला लागून दोन पेट्या आहेत, एक निळी, एक पिवळी. दोन्ही सासूच्या. सून ह्या घरात आली त्याच्या कितीतरी आधीपासून सासू मधमाश्या पाळते. गल्लीत तिला माशीवाल्या बाई म्हणतात आणि तिलाही ते आवडतं. भिंतीपलीकडे दंतवैद्याचा दवाखाना. दवाखान्याची मागची खिडकी बरोबर निळ्या पेटीच्या डोक्यावर. आज उन्हं उतरली, माश्या घरी परतल्या, की टेम्पो येणार आहे. दोन्ही पेट्यांची दारं बंद करून त्या गावाबाहेरच्या एका बागवाल्याकडे जातील. कायमच्या. जर—

जर उजेड आहे तोवर निळी पेटी का पिसाळली ते सापडलं नाही, तर.

ही अट सुनेच्या नवऱ्याची, म्हणजे सासूच्याच मुलाची. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या जगात बटण दाबलं की माणूस वर जातो नाहीतर खाली. मध्ये लटकला की तक्रार येते. गेल्या आठवड्यात तक्रार भिंतीपलीकडून आली. निळ्या पेटीतली एक माशी खिडकीतून आत गेली आणि दंतवैद्याच्या वरच्या ओठाला डसली, तेही तो नेमका दुसऱ्याच्या तोंडात डोकं घालून उभा असताना. ओठ असा सुजला की स्वतःलाच भूल दिल्यासारखा बोलत तो दारात आला.

"माशीवाल्या बाई, तुमच्या माश्या पूर्वी अशा नव्हत्या."

तो भांडला असता तर सासू त्याला पुरून उरली असती. पण तो खरं बोलला, आणि खऱ्याला काय उत्तर देणार?

आज सकाळचा चहा असा झाला:

"राणी आहे. अंडी आहेत. मध आहे. मग बिघडलंय कुठे?"

"तेच विचारतोय, आई. कुठे बिघडलंय?"

"हवा बदलतेय."

"हवा पिवळ्या पेटीलाही तीच आहे. संध्याकाळपर्यंत कारण सापडलं तर राहू देत. नाही सापडलं तर टेम्पो."

"आणि सापडलं, पण तुला पटलं नाही तर?"

"लिफ्ट अडकली की मी कारण शोधतो, आई. लिफ्टचा मूड नव्हता असं लिहून देत नाही."

सुनेने बश्या उचलल्या. ह्या घरात भांडण मिटत नाही, बश्या उचलल्या की थांबतं.

झाकण निघालं.

आवाज. चांगली पेटी उघडली की आवाज येतो तो शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा, आहे आणि नाही. निळ्या पेटीतून आला तो वेगळा होता. उंच, ताणलेला, कण्हल्यासारखा, आणि थांबत नव्हता.

सासूने मान कलती केली. तिचे कान तिखट. मोरीत पडलेलं भांडं कुठलं ते ती माजघरातून सांगते. चपलांच्या आवाजावरून दारात कोण आलंय तेही. पण ह्या आवाजाबद्दल ती काही बोलली नाही. "कडेची काढ आधी," एवढंच म्हणाली. "मधल्या चौकटीत एकदम हात घालू नकोस. चिरडतील."

चौकटी आत पुस्तकांसारख्या उभ्या असतात, मेणाने आणि राळेने एकमेकींना चिकटलेल्या. सुनेने पटाशीने कडेची चौकट सैल केली, उचलली, भिंतीला टेकवून ठेवली. नुसता मध. आता आत जागा झाली. दुसरी. परागाचे रंगीत ठिपके. तिसरी. पेटीचा मधला भाग आला की खरी तपासणी सुरू होते, कारण राणी अंडी घालते ती इथे. राणी शोधत बसायची गरज नसते. अंडी दिसली की राणी आहे. अंडं तीन दिवसांचं असतं, त्याहून जुनं नाही. म्हणजे तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी राणी इथून चालत गेली.

"दिसतात ना?" सासूने विचारलं.

सुनेने चौकट डोळ्यांसमोर धरली. घरांच्या तळाशी बारीक चमक होती.

"हो. तुम्हाला?"

"मग काय!"

पुढची चौकट.

ही ह्या दोघींची रीत होती. लग्नानंतरच्या पहिल्या तपासणीला सासूने विचारलं होतं, दिसतात ना, आणि सुनेला तळाशी काहीतरी चमकताना दिसलं होतं. पहिल्याच दिवशी सासूला नाही कसं म्हणायचं? ती हो म्हणाली, आणि मग प्रत्येक वेळी ते हो पुढे चालत राहिलं. सासूने कधी चौकट हातात घेऊन पडताळलं नाही. सुनेला तो विश्वास वाटायचा. सुनेला त्याचा अभिमान वाटायचा.

चौथी चौकट.

"दिसतात ना?"

"हो. तुम्हा—"

सून थांबली. चौकट उलटी करून दुसरी बाजू बघितली. मग पुन्हा पहिली.

"आई, अंडी आहेत, तर अळ्या कुठायत?"

"म्हणजे?"

"अंड्यातून अळी होते. अळीवर मेणाचं झाकण येतं. आपण गेल्या खेपेला हो म्हटलं, त्याच्या आधीच्या खेपेला हो म्हटलं. मग ती सगळी अंडी गेली कुठे? इथे एक अळी नाही. एक झाकण नाही."

सासूने कान पेटीकडे नेला.

"आई?"

"चौकट हलवत उभी राहू नकोस. ऊन—"

तेवढ्यात पहिला डंख. हातमोजा आणि बाही ह्यांच्या मध्ये, जिथे नेहमी बसतो तिथे. सुनेचा हात झटकला गेला, चौकटीचा कोपरा पेटीच्या कडेवर आपटला. टक्. आणि हवेत पिकलेल्या केळ्यांसारखा वास आला. डंखाचा वास असाच असतो. तो बाकीच्या माश्यांना जागा दाखवतो: इथे. इथे मारा.

त्यांनी मारलं. टोपीच्या जाळीवर गारा पडल्यासारख्या माश्या आदळू लागल्या. डोळ्यांपुढे जाळीला लटकलेली पोटं, आत यायला वाट शोधणारी. दुसरा डंख घोट्याला. तिसरा दुसऱ्या मनगटाला.

"धूर! डंखावर धूर मार, वास मरू दे! पळू नकोस! पळालीस की—"

"पळत नाहीये!"

"मग ओरडतेस कशाला?"

"तुम्ही ओरडताय!"

भिंतीपलीकडे खिडकी धाडकन बंद झाली. काचेमागे दंतवैद्य, आणि त्याच्या मागे खुर्चीत कुणीतरी आ वासून.

चौकट आत. कडेची आत. झाकण.

झाकली.

दोघी मागच्या पायरीवर बसल्या. जाळीच्या टोप्या तशाच डोक्यावर. सून नखाने डंख खरवडून काढत होती. चिमटीत धरून ओढला तर उरलंसुरलं विषही आत पिळलं जातं, हे तिला ह्याच पायरीवर शिकवलं गेलं होतं. दवाखान्याच्या इमारतीची सावली भिंत उतरून परसात आली होती. पिवळ्या पेटीच्या पायाशी अजून ऊन होतं.

सून चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर माणसांना खुर्चीत बसवून तक्ता वाचायला लावते. खालची ओळ आली की माणसं फसवतात. का फसवतात देव जाणे, चष्मा काही शिक्षा नाही. पण फसवतात, आणि तिला ते कळतं: ज्याला खरंच दिसतं तो अडखळत वाचतो, ज्याला दिसत नाही तो धडाधड.

मग काय! हे सासू नेहमी धडाधड म्हणायची.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सुनेने उजवा हात वर केला. सासूपासून हातभर अंतरावर.

"आई, किती बोटं?"

"हा काय चावटपणा?"

"किती?"

"मी काय तुझं गिऱ्हाईक आहे?"

"सांगा ना."

सासूने तोंड फिरवलं. मग पुन्हा ह्या बाजूला आणलं. सुनेने बोटं हलवली नाहीत.

"बोटं आहेत एवढं कळतं," सासू म्हणाली. "बाकी सगळं दुधाच्या पिशवीतून बघितल्यासारखं."

"कधीपासून?"

"सरत आलंय हळूहळू. तुझं लग्न झालं तेव्हा चेहरा नीट दिसला होता तुझा. बरा होता."

"आणि मला विचारायचात, दिसतात ना?"

"मग कुणाला विचारू? भिंतीला? तुझी नजर तरुण. म्हटलं, हिला दिसतंय तर झालं."

"मला दिसत नव्हतं."

"तळाशी काहीतरी चमकायचं," सून म्हणाली. "मला वाटलं तीच अंडी. आणि तुम्ही म्हणायचात मग काय, म्हणून मला वाटलं बरोबर आहे."

"आणि तू हो म्हणायचीस म्हणून मला वाटलं बरोबर आहे. चमकतो तो ताजा रस, बये. फुलांचा. अंडं चमकत नाही, अंडं उभं असतं."

सासू हसली. हसताना तिच्या जाळीवर बसलेली माशी उडाली. मग हसू जसं आलं तसं बंद झालं. "राणी मेलीय म्हणजे. आणि नवी करायला त्यांच्याकडे अंडं नाही. पोरकी पेटी. कण्हत होती, ऐकलंस ना? मला पहिल्या दिवसापासून कानाला कळत होतं. पण तू दिसतात म्हणालीस. म्हटलं, आता कानही गेले."

"मग हे कारण झालं! ह्याला सांगू या."

"सांग की." सासूने टोपीची दोरी सोडली, पुन्हा बांधली. "सांग, की आईला दिसत नाही, बायकोला कळत नाही, आणि दोघी मिळून माश्या पाळतात. टेम्पो काय, तो पेट्या स्वतःच्या डोक्यावर घेऊन जाईल."

खरं होतं. कारण सापडलं होतं, आणि सापडलेलं कारण न सापडलेल्यापेक्षा वाईट होतं.

"दुसरा उपाय?"

"पिवळ्या पेटीत राणी आहे. तिच्यातली अंड्यांची एक चौकट निळीला दिली, की त्यातूनच त्या आपली राणी वाढवतील. पण अंडी असलेली चौकट हवी. ताजी अंडी. म्हणजे ती कुणालातरी दिसायला हवीत. मला नाही." थोडं थांबून: "आणि तुला नाही."

सावली आता पिवळ्या पेटीच्या पायापर्यंत आली होती.

"शिकवा," सून म्हणाली.

उघडली. पिवळी.

धूर. थांबणं. झाकण. आवाज शेजारच्या खोलीतल्या श्वासाचा. कडेची चौकट भिंतीला. मधली हातात.

"ऊन कुठे आहे?"

"समोर."

"म्हणून आजवर दिसलं नाही. ऊन पाठीवर घे. तुझ्या खांद्यावरून घराच्या तळाशी पडलं पाहिजे. फिर."

सून फिरली.

"आता चौकट थोडी पुढे कलती कर. आरशात मानेवरचा तीळ बघतेस तशी. सगळी चौकट बघू नकोस. एक घर बघ. एकच."

"चमकतंय."

"ते नव्हे. सोड. दुसरं घर."

"ह्यात पांढरी वळलेली अळी आहे. दुधात पडल्यासारखी."

"अळ्यांच्या कडेने बाहेर सरक. राणी फेर धरून घालत जाते. अळ्या संपतात तिथून पुढे बघ."

सून बघत राहिली. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला आणि जाळीमुळे पुसता आला नाही. एक माशी तिच्या अंगठ्यावरून चालत गेली. काहीच नाही. तळ. तळ. तळ.

"दिसतात ना?" सासूने विचारलं. सवयीने विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

सुनेने पुढचं घर बघितलं. सावलीने पेटीची खालची फळी घेतली.

"घाई नाही," सासू म्हणाली. तिच्या आवाजात घाईशिवाय दुसरं काही नव्हतं.

"एक... काहीतरी आहे. शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा कापून तळात रोवल्यासारखं. पांढरं. उभं."

"एका घरात एकच?"

"एकच. बाजूच्यातही. आई, बाजूच्यातही! सगळीकडे आहेत, आई. इतकी आहेत आणि मी—"

"रडू नकोस, जाळीत नाक पुसता येत नाही. ती चौकट घे."

उघडली. निळी.

पिवळीतली चौकट माश्यांसकट तिच्यात गेली. निळीतली एक रिकामी चौकट पिवळीत आली. केळ्यांचा वास अजून होता, जाळीवर गारा अजून होत्या. ह्या वेळी काही आपटलं नाही.

झाकली. दोन्ही झाकल्या.

आणि बाहेर गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला.

नवरा परसाच्या दारात आला तो कामाच्याच कपड्यांत, गुडघ्याला ग्रीस. दारं बंद करायला आणलेल्या लाकडी पट्ट्या हातात.

"झालं का? लवकर आलाय तो, थांबायला तयार नाही."

"झालं," सासू म्हणाली. "राणी नव्हती. पोरकी होती म्हणून पिसाळली होती. हिने अंड्यांची चौकट दिलीय. शांत होतील आता."

"खरं?" त्याने बायकोकडे बघितलं. "सापडलं कारण?"

"सापडलं."

त्याने पट्ट्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. आईला नाही म्हणायला कारण शोधणारा मुलगा आणि हो म्हणायला कारण मिळालेला मुलगा एकसारखेच उभे राहतात; पण त्याचे खांदे खाली आले, हे सुनेला दिसलं. "मग त्याला सांगून येतो जा म्हणून," तो म्हणाला आणि वळला.

"चौकट झटकलीस ना गं?" सासूने हळूच विचारलं. "देण्याआधी? पिवळीत?"

सुनेचा चेहरा उतरला.

"झटकायची होती?"

"माश्या झटकून द्यायची. मी सांगायची विसरले. सावली येत होती आणि मी..." सासूने तिचं मनगट धरलं, नेमकं डंखावर. "राणी नव्हती ना वर? ताजी अंडी जिथे, तिथेच ती फिरत असते. नव्हती ना?"

नवरा दारात थांबला होता. ऐकत होता.

नव्हती. एवढंच म्हणायचं होतं. टेम्पो गेला असता. दोन्ही पेट्या राहिल्या असत्या, निदान आज. आणि परक्या राणीला निळीतल्या माश्यांनी मारलं असतं तर ते आत, अंधारात, झाकणाखाली झालं असतं.

"माहीत नाही," सून म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे?" नवरा.

"मी अंडी बघत होते. राणी बघितली नाही. असेलही."

"असली तर?"

"तर तिला मारतील," सासू म्हणाली. "आणि मग पिवळीही पोरकी."

"म्हणजे एक बिघडली होती, ती दुरुस्त करायला तुम्ही दुसरीही बिघडवलीत?"

गल्लीत हॉर्न.

सुनेने धुराडं उचललं. धूर होता. "झाकण धरायला एक माणूस लागेल," ती म्हणाली. "आईंना दिसत नाही."

तो आईकडे बघत राहिला. सासूने मान खाली घातली नाही. "काय बघतोस? दिसत नाही मला. टोपी घाल माझी, आणि बाही गुंडाळलेली सोड."

उघडली.

खिडकीच्या काचेमागे दंतवैद्य. काचेला ओठ टेकला असेल इतका जवळ.

दिलेली चौकट वर आली. ऊन आता फक्त घराच्या भिंतीच्या माथ्यावर उरलं होतं. सुनेने त्याच्याकडे पाठ केली, चौकट उंच धरली. माश्या, माश्या, माश्या. सगळ्या एकसारख्या.

"काय शोधतेयस?" नवऱ्याने जाळीतून विचारलं. झाकण त्याने छातीशी ढालीसारखं धरलं होतं.

"लांब पोटाची."

"मला तर सगळ्या—" तो थांबला. "आऊ."

"हलू नकोस."

"हलत नाहीये. चावली."

चौकटीवर राणी नव्हती. एका बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला नाही. सुनेने श्वास सोडायला सुरुवात केली, आणि तेव्हा सासू म्हणाली, "खाली. तळफळीवर. ऐकू येतंय का? बारीक, शिट्टीसारखं."

सून वाकली. पेटीच्या तळफळीवर, चौकट काढलेल्या जागेत, माश्यांचा एक गोळा होता. अक्रोडाएवढा. घट्ट. सगळ्यांची तोंडं आत.

"गोळा झालाय, आई."

सासू मुलाला म्हणाली, "पातेलं. पाणी भरून. आणि पळी. पळ."

"झाकण?"

"माझ्याकडे दे. धरायला डोळे लागत नाहीत."

तो पळाला. स्वयंपाकघरात भांड्यांचा खडखडाट झाला. "मोठं नको, दुधाचं घे!" सासू न बघता ओरडली. तो पातेलं घेऊन आला, पाणी हिंदकळत.

"पळीने गोळा उचल. सगळा. पाण्यात सोड."

"बुडेल ती!"

"पाण्यात त्या तिला सोडतील. जीव वाचवायला सगळेच सोडतात. मग तू तिला उचल. मोजा काढ. मोज्याने चिरडशील."

सुनेने मोजा काढला. उघडा हात पेटीत घालताना बोटांना आतली ऊब लागली. पळी गोळ्याखाली सरकली. उचलली. डंख, अंगठ्याच्या मुळाशी. पळी हलली नाही. पातेलं. पाणी.

गोळा फुटला. माश्या पाण्यावर पसरल्या, पाय मारू लागल्या. त्यांच्यामध्ये एक, लांब, तांबूस, पंख छोटे. हलत नव्हती.

सुनेने तिला दोन बोटांत घेतलं.

"हलतेय?" सासू.

सुनेने तिला तळहातावर ठेवलं.

"अगं, हलतेय का?"

"थांबा."

तळहातावर ती तशीच पडून होती. सुनेने तोंडाजवळ नेऊन जाळीतून तिच्यावर ऊन श्वास सोडला. पुन्हा सोडला. नवरा झुकला होता, हातातून पाणी सांडत होतं, कानामागे डंख लाल झाला होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं.

"हो," सून म्हणाली.

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे मागचे दोन्ही पाय हलतायत. पुढचा एक हलतोय. एक पंख ओला आहे, अंगाला चिकटलाय. पोट वरखाली होतंय."

"असं सांगावं," सासू म्हणाली.

उघडली. पिवळी. सुनेने तळहात चौकटींच्या माथ्यावर टेकवला. राणी उतरायला तयार नव्हती. मग एका माशीने तिला हुंगलं, दुसरीने चाटलं, आणि ती दोन चौकटींच्या फटीत उतरून अंधारात गेली. श्वासाचा आवाज बदलला नाही.

निळीत अंड्यांची चौकट पुन्हा ठेवली, माश्या झटकून, प्रत्येक बाजू दोनदा बघून.

झाकली. दोन्ही.

हॉर्न आता सलग वाजत होता. नवऱ्याने टोपी काढली. पट्ट्या पायरीवर पडल्या होत्या, त्या उचलल्या.

"वाचेल का ही?" त्याने निळ्या पेटीकडे बोट केलं.

"अंड्यांतून राणी वाढायला वेळ लागतो," सासू म्हणाली. "मग ती उडून जाऊन परत यायला हवी. मग घालायला लागेल. महिना तरी."

"मी ते नाही विचारलं. वाचेल का?"

सासूने सुनेकडे तोंड केलं. दिसत नव्हतं तरी केलं.

"माहीत नाही," सून म्हणाली.

त्याने कानामागे हात लावला. "आणि तुला खरंच दिसत नाही?" त्याने आईला विचारलं. "हे मला माश्यांकडून कळायचं?"

"उद्या दुकानात नेतेय त्यांना," सून म्हणाली. "सकाळी सगळ्यांत आधी. आणि तक्ता पाठ करून यायचं नाही, आई."

"बघा आता. गिऱ्हाईक पकडतेय घरातच."

तो हसला नाही. पट्ट्या काखेत मारून घरातून पुढच्या दाराकडे गेला. दोघी पायरीवर बसून राहिल्या. ऊन भिंतीवरूनही गेलं होतं. गल्लीत त्याचा आवाज आला, टेम्पोवाल्याचा चढा आवाज आला, पुन्हा त्याचा. शब्द कळत नव्हते. मग टेम्पोचा मागचा फाळका आदळल्याचा आवाज. सुनेने सासूचा हात धरला. सासूने धरू दिला आणि दुसऱ्या हाताने तिला गप्प राहायची खूण केली. फाळका उघडला होता की बंद केला होता, ते सुनेला ओळखता येत नव्हतं.

इंजिन सुरू झालं. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आहे. टेम्पोचं चाक त्यात गेलं आणि मागचा पत्रा खडखडत राहिला, कितीतरी वेळ, वळणापर्यंत.

"रिकामा गेला," सासू म्हणाली.